विटांवरची गाडी

रंगाअण्णांच्या मालकीचे एक फिरते घर होते. त्याची चाके मात्र माळ्यावर होती.

के. आर. पुरममधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत असे. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन पुण्याहून नुकतीच आले होते आणि प्रत्येक घटनेला कारण असते, अशी माझी ठाम समजूत होती. अंगणात विटांच्या चवडींवर एक जुनी व्हॅन उभी होती. आत पलंग, शेगडी, खिडक्यांना पडदे आणि मागच्या दारापाशी जनरेटर. अण्णांच्या पत्नीला, अक्कांना, दमा होता आणि गोकर्णाचा समुद्र पाहण्याची इच्छा होती. त्यासाठीच, कापडाचे दुकान पुतण्याला सोपवून, अण्णांनी ही गाडी सजवली होती.

चाकांविषयी मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "स्वल्प थांब. आधी वीज, मग चाकं. अंधारात गाडी नेऊन काय करायचं?"

अडचण एवढीच होती की, जनरेटरचे इंजिन उत्तम धडधडे, पण वीज देत नसे. अण्णांच्या मते तो रुसला होता. त्यांनी त्याचे तोंड पूर्वेला केले. शनिवारी पेट्रोल न देता त्याला उपास घडवला. मग घरात मराठी बोलणारे अण्णा त्याच्याशी कानडीत बोलू लागले. जनरेटर इथलाच, त्याला आपली भाषा कळत नसणार, हा त्यांचा तर्क.

या संशोधनात शिस्त आणण्याचे मी मनावर घेतले. पण त्या उन्हाळ्यात वीज रोज जाई, आणि ती गेली रे गेली की अण्णा हातातला पाना टाकून घरात पळत. परतायला तासही लागे. प्रयोग असा अर्धवट सोडू नये, असे मी त्यांना सुनावले. "सरी, सरी," असा होकार भरत ते पळतच राहिले.

शेवटी एका रविवारी मी मीटर लावला. काटा शून्यावर नव्हता, किंचित थरथरत होता. म्हणजे लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक होते. दोष पुढे कुठेतरी होता. मी झाकण उघडले. फिरत्या दांड्यावर दोन पितळी कडी असतात, त्यांना कार्बनचे ब्रश टेकतात आणि तिथून आतल्या वेटोळ्याला वीज मिळते. त्या कड्यांवर तेलात कालवलेल्या कुंकवाचा जाड थर होता.

"आयुधपूजा," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "लोक यंत्राला वरून कुंकू लावतात. असली वरवरची भक्ती मला जमत नाही."

मी पॉलिश पेपरने कडी घासली, ब्रश पुसले. इंजिन सुरू होताच काटा सरळ दोनशे तीसवर गेला. गाडीतला दिवा लावण्यासाठी मी हात पुढे केला, तर अण्णांनी तो अडवला. पलंगाखालून त्यांनी वायरीचे टोक ओढले. वायरीवर धूळ साचली होती. ती गाडीच्या खिडकीतून घराच्या खिडकीत आणि तिथून अक्कांच्या उशाशी ठेवलेल्या टेबलफॅनपर्यंत गेली होती.

मी त्यांच्याकडे पाहिले.

"डॉक्टर प्रवास नको म्हणतात," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि 'तुझ्यासाठी जनरेटर आणतो' असं हिला म्हटलं असतं, तर ती खर्च नको म्हणाली असती. समुद्राला नाही म्हणाली नाही."

संध्याकाळी नेहमीप्रमाणे वीज गेली. या वेळी अण्णा हातपंख्याने वारा घालायला घरात पळाले नाहीत. त्यांनी जनरेटरची दोरी ओढली. विटांवरची गाडी थरथरली, आणि घरात अक्कांच्या पंख्याची पाती फिरू लागली.

"अहो," आतून अक्कांचा आवाज आला, "गाडी निघाली वाटतं. वारं लागतंय."

अण्णांनी माळ्याच्या दिशेने एकदा पाहिले आणि खिडकीशी तोंड नेले.

"केव्हाच निघाली. तुमकूर मागं पडलं. झोप तू."