पोटातले भाडेकरू

"काय, भाडेकरू खूश आहेत ना?"

टिपणीसकाकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. कोपरखैरण्याच्या बिल्डिंगमध्ये आम्ही त्याच दिवशी राहायला आलो होतो. माझ्या एका हातात बादली, दुसऱ्या हातात देवाची तसबीर, आणि जिन्यात हे गृहस्थ उभे. अंगात बंडी, हातात चमचा. मी म्हटलं, "काका, आमचा एकच फ्लॅट आहे आणि त्यात आम्हीच राहणार आहोत." हे ऐकून ते इतके खूश झाले की विचारू नका. चमचा थेट माझ्या पोटावर रोखून म्हणाले, "इथले हो, इथले! अब्जावधी जंतू राहतात तुमच्या आतड्यात आणि तुम्हाला पत्ताच नाही?"

काका मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमधून टेक्निशियन म्हणून रिटायर झाले होते. अख्खी नोकरी त्यांनी लोकांनी सकाळी आणून दिलेल्या डब्या तपासण्यात घालवली. दुसऱ्या कोणी रिटायर झाल्यावर त्या विषयाचं नाव काढलं नसतं. काकांना दुसरा विषयच सुचत नसे. सोसायटीच्या सत्यनारायणाला प्रसादाचा द्रोण हातात घेऊन त्यांनी मोठ्या आतड्याचं असं रसभरीत वर्णन केलं, की सेक्रेटरींनी आपला शिरा हळूच शेजाऱ्याला देऊन टाकला.

तेव्हा आमच्याकडे निम्मे फ्लॅट भरलेले आणि निम्मे कुलपात असायचे. बी विंगमधला एक फ्लॅट वर्षभर बंद होता. एक दिवस कोणीतरी कुलूप तोडून आत चक्क संसार थाटला. सोसायटीत नुसता हलकल्लोळ! तातडीची मीटिंग भरली, सगळे टेन्शनमध्ये, आणि काका मात्र आनंदानं टाळ्या पिटतायत.

"बघितलंत? रिकामं ठेवलं की हे असं होतं! आतड्यातसुद्धा सेम! आपले जंतू सगळ्या खोल्या अडवून बसलेले असतात. आलेलं अन्न तेच फस्त करतात. बाहेरून रोगाचा जंतू आला, तर त्याला ना बसायला जागा, ना खायला दाणा! वर हे आम्ल सोडून त्याला हैराण करतात. आणि आपल्या रक्तातल्या पेशी, म्हणजे वॉचमन हो, त्यांना घरचा कोण आणि परका कोण हे शिकवतात तेसुद्धा हेच भाडेकरू! भाडं काय देतात म्हणाल, तर पहारा देतात, पहारा!"

"काका, पण त्या घुसखोरांना बाहेर कसं काढायचं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"ते मला काय माहीत? माझा विषय आतडं."

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरीला होतो. तिथल्या एका गाडीवरची भजी मला एकदा चांगलीच बाधली. आपल्याकडे प्रत्येक घरात एक ड्रॉवर असतो आणि त्यात अर्ध्या उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या असतात. मी त्यातली एक काढली. नेमके त्याच वेळी काका दारात!

"ही कशावर दिली होती?"

"घशावर. मागच्या वर्षी."

"अहो, एका चोरासाठी अख्ख्या बिल्डिंगवर गोळीबार करताय! आणि तोही चोर भलताच! डॉक्टर देतील ते घ्या, सांगतील तितके दिवस घ्या. ड्रॉवर म्हणजे डॉक्टर नव्हे!" त्यांनी पट्टी हिसकावली आणि मला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगितलं. दोन दिवसांत मी बरा झालो. त्याचं श्रेय काकांनी डॉक्टरांना दिलं नाही, मलाही नाही. "भाडेकरूंनी निभावून नेलं," म्हणाले.

आणि विरजण! रोज सकाळी सातला काका दार सताड उघडं टाकून बसत. बिल्डिंगमधलं कोणी ना कोणी वाटी घेऊन येई आणि काका त्या वाटीत एक चमचा दही घालत. त्याला ते दही म्हणत नसत, "आपलं" म्हणत. हे दह्यातले जंतू पोटात राहायला जातात का, असं मी एकदा विचारलं.

"छे, हे पाहुणे. चार दिवस राहून निघून जातात. पण पाहुण्यांची वर्दळ असली की घर कसं जागं वाटतं."

"काका, विरजण संपलं," असं कोणी म्हणालं की मात्र ते खवळत. "संपवायचं नसतं हो! चमचाभर राखायचं, त्यातून पुढचं लावायचं." आम्ही हो हो म्हणायचो आणि चार दिवसांनी पुन्हा वाटी घेऊन हजर व्हायचो. काका एकटेच राहत. काकू आम्ही येण्याआधीच गेल्या होत्या. त्यांच्याबद्दल ते कधी बोलत नसत.

मे महिन्यात काकांना न्यूमोनिया झाला. वाशीच्या हॉस्पिटलात नेताना त्यांनी किल्ली माझ्या हातात कोंबली. "रोज लावायचं. दूध कोमट. करंगळी घालून बघायचं. एक दिवससुद्धा चुकवू नका." माणसाला श्वास घेता येत नाही आणि विरजणाची काळजी! मला हसू आलं.

तीन दिवस मी सगळं नीट केलं. चौथ्या दिवशी घाईत होतो. करंगळी भाजली, तरी चालेल म्हटलं आणि होतं नव्हतं तेवढं विरजण त्या दुधात घातलं. सकाळी पातेल्यात फाटलेलं दूध! मग मी भ्याडपणा केला. खाली जाऊन डेअरीतून दह्याची पिशवी आणली आणि काकांच्या दही लावायच्या चिनी मातीच्या सटात ओतली. शेवटी दही ते दही, अशी मनाची समजूत घातली.

अकराव्या दिवशी काका घरी आले. निम्मे झाले होते. खुर्चीत टेकल्या टेकल्या त्यांनी सट मागितला. "इतके दिवस इंजेक्शनं घेतली. घ्यायलाच हवी होती, म्हणून वाचलो. पण आतली बिल्डिंग पार रिकामी झाली असेल. आता पहिला पाहुणा घरचा हवा."

त्यांनी चमचा तोंडात घातला, जीभ फिरवली आणि चमचा खाली ठेवला.

"हे आपलं नाही."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी सगळं कबूल केलं. काकांनी सटावर झाकण ठेवलं.

"कुमुदनं लावलेलं होतं ते," ते म्हणाले. "ती गेली त्या सकाळी ओट्यावर दही घट्ट लागलेलं होतं. आदल्या संध्याकाळी तिनं लावलेलं. मला ते संपवता येईना. चमचाभर राखलं, त्यातून पुढचं लावलं. मग रोज. तुम्हा सगळ्यांना देत होतो ते एवढ्याचसाठी, की माझ्याकडचं गेलंच तर कोणाच्या तरी घरात असेल."

"मग असेलच की!" मी ओरडलो आणि जिन्याकडे धावलो. दोन-दोन पायऱ्या चढत एकेक दार वाजवलं. सावंतवहिनींनी मान खाली घातली. "भाऊजी, खरं सांगू? आम्ही पिशवीचंच आणतो. काकांना बरं वाटतं म्हणून वाटी न्यायचो." सगळीकडे तेच. आमच्या घरी तरी वेगळं काय होतं? मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात दुधाची किटली घेऊन यमुनाबाई जिना चढत आल्या. शेजारच्या बोनकोडे गावच्या. त्यांच्या म्हशीचं दूध निम्म्या बिल्डिंगला लागायचं. मी काय शोधतोय ते ऐकून त्या थांबल्या.

"काकूंचा इरजन? माजे घरान हाय की! काकूनीच दिलता मना. तवापासून रोज लावतंय."

मी त्यांना उभ्या उभ्या नमस्कार केला! त्यांच्या मागोमाग बोनकोड्याला गेलो आणि वाटी दोन्ही हातांत धरून जवळजवळ पळतच परत आलो. तोवर अर्धी बिल्डिंग काकांच्या दारात जमली होती. काकांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले.

"म्हैस बदललेली दिसते," ते म्हणाले. "दूध दाट आहे. पण हे आपलंच." आणि मग ते सगळ्यांसमोर रडले. सावंतवहिनीही रडल्या, मीही रडलो.

त्या संध्याकाळी मी स्वतः दूध तापवलं, निवू दिलं आणि करंगळी दोनदा घालून बघितली. सकाळी दही घट्ट लागलं होतं. त्यातलं चमचाभर बाजूला राखलं आणि सातच्या ठोक्याला काकांकडे गेलो. दार सताड उघडं होतं.

"काका, आता आमच्याकडेही आपलं आहे."

"मग सकाळी सकाळी कशाला आलात?"

"पाहुणा म्हणून आलोय."

 काका दाराजवळच्या बाकावर थोडे सरकले आणि मला बसायला जागा करून दिली.