लाथ ऑस्ट्रियात, वेदना इटलीत

आमच्या खोऱ्यात सपाट जागा एकच आहे आणि ती फुटबॉलला दिलेली आहे. बाकी सगळं उतारावर: घरं, गाई, चर्च, म्हातारपण. या मैदानाच्या एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत, बरोबर मधून, इटली आणि ऑस्ट्रियाची सरहद्द जाते. त्यामुळे प्रत्येक गोलरक्षकाचा एक पाय एका देशात असतो आणि दुसरा दुसऱ्यात. याबद्दल आजवर कुणाची तक्रार नव्हती, कारण फाउल कुठला आणि कुठला नाही हे खानावळवाली झीटामावशी ओरडून सांगत असे. तिला दोन्ही गावांतले लोक सारखेच नावडते होते. न्यायाला याहून अधिक पात्रता लागत नाही.

यंदा मात्र प्रसंग गंभीर होता. इटलीकडचं पियानाल्ता आणि ऑस्ट्रियाकडचं ओबरमाटन या दोन्ही गावांत मिळून एका संघापुरतीही पोरं येत नाहीत, म्हणून दोन क्लबांचा एक क्लब करायचं ठरलं. त्याआधी मोठ्या माणसांना उतरवून एक शेवटचा सामना; जिंकेल त्या गावाचं नाव राहील. हरेल त्याचं भिंतीवरून पुसलं जाईल. एवढा मोठा निर्णय झीटामावशीच्या शिव्यांवर सोडता येत नाही, असं दोन्ही देशांच्या महासंघांना एकाच वेळी सुचलं. प्रत्येकानं आपापल्या जमिनीपुरता एक पंच पाठवला.

इटलीच्या जमिनीवर पंचबाई ओर्नेल्ला. त्यांच्याकडे मानेवर दुसऱ्याचा श्वास लागला तरी फाउल. ऑस्ट्रियाच्या जमिनीवर पंच एंगेलबर्ट. त्यांच्याकडे हाड दिसल्याशिवाय शिट्टी नाही, आणि हाड दिसलंच तर ते आधीपासून दिसत नव्हतं ना, याची चौकशी. दोघांत एकसूत्रता यावी म्हणून एका तंबूत टीव्ही लावून सीमापार फाउल समन्वय समिती बसली. अध्यक्ष डॉ. फान हेक हे ज्या देशातून आले तिथे डोंगर नाहीत, म्हणून ते निःपक्षपाती.

सरहद्दीच्या रेषेवर झेंडा घेऊन मी. माझी आई पियानाल्ताची, बाप ओबरमाटनचा. म्हणजे मी तटस्थ. म्हणजे दोन्ही गावं मला दुसऱ्या गावाचा समजतात.

पियानाल्ताच्या आघाडीला एर्मेस पित्तीन होता. गावाचा पाववाला. क्लबच्या भिंतीवरची नावाची अक्षरं त्याच्या वडिलांनी रंगवलेली, आणि ते गेल्यापासून दर उन्हाळ्यात एर्मेस त्यांवर नवा रंग चढवतो. सामना हरला तर ती पुसावीही त्यालाच लागणार होती, कारण गावात शिडी त्याच्याकडेच आहे. एर्मेस म्हणजे खोऱ्यातला सर्वांत भला माणूस.

(कथा थांबवली आहे. तपासणी चालू.)

(तपासणी पूर्ण. ‘सर्वांत’ रद्द. ‘भला’ कायम. खेळ पुढे.)

त्याला अडवायला ओबरमाटनचा हार्टविग. लाकडाच्या वखारीत काम करतो. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही.

सुरुवातीलाच चेंडू रेषेवर उंच आला आणि दोघं उडाले. एर्मेसचं कोपर हार्टविगच्या तोंडावर बसलं आणि एक दात गवतात पडला. दोन्ही पंचांना वाटलं, हे दुसऱ्याच्या हद्दीत झालं. एर्मेस स्वतः गुडघ्यांवर बसून शोधू लागला.

“कुठल्या रंगाचा होता रे?”

“दाताच्या,” हार्टविग तोंड धरून म्हणाला.

“पिवळा म्हण की मग.”

लोक हसले. सामना पुढे सुरू झाला.

थोड्या वेळानं हार्टविगनं एर्मेसच्या पोटरीवर लाथ मारली. ऑस्ट्रियात.

“पंचसाहेब, लाथ मारली यानं.”

“दिसली मला,” एंगेलबर्ट म्हणाले. “बरी होती. खेळा.”

प्रेक्षकांतून एर्मेसची बायको लुचिल्ला म्हणाली, “अहो, परक्या देशात कसले कळवळताय? घरी येऊन पडा की.”

एर्मेसला ते पटलं. वेदना तशीच आवळून धरत, एका पायावर उड्या मारत त्यानं सरहद्द ओलांडली, माझ्यासमोरून जाताना मान लववली आणि इटलीत पोचल्यावर किंचाळून पडला. ओर्नेल्लाबाईंनी ताबडतोब शिट्टी वाजवली.

समिती बसली. चहा प्याली. निर्णय आला: लाथ ऑस्ट्रियात घडली, वेदना इटलीत. फाउल हा वेदनेच्या रहिवासाच्या ठिकाणी धरला जाईल.

यानंतर मैदानावर स्थलांतर सुरू झालं. ज्याला ऑस्ट्रियात लागेल तो दात आवळून इटलीकडे निघे. ओबरमाटनवाल्यांनी उपाय काढला. लाथ बसली रे बसली की दोघं धावून येत आणि जखमीला दोन्ही बगलांत धरून प्रेमानं उभा ठेवत.

“सोड मला, मला इटलीत जायचंय.”

“जाशील रे. एवढी कसली घाई? हवा बघ इथली.”

“फाउल आहे हा. धरून ठेवलंय मला.”

“पाहुणचार आहे,” एंगेलबर्ट म्हणाले. “खेळा.”

पुढे दोन्ही बाजूंच्या लक्षात आलं की लाथ मारायला ऑस्ट्रिया बरा आणि खायला इटली. मग सगळेच खेळाडू सरहद्दीला चिकटून उभे राहिले, मारायचा पाय तिकडे आणि पडायचं अंग इकडे. कुणी जागचं हलेना. चेंडू कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ एकटा पडून होता. झीटामावशीचं कुत्रं त्याला हुंगून परत गेलं. समितीनं हा समतोल ऐतिहासिक असल्याचं नोंदवलं.

(कथा थांबवली आहे. ‘ऐतिहासिक’ शब्दाची तपासणी.)

(समितीनं तो खरोखरच वापरला होता. कायम.)

सामना संपत आला तरी शून्य-शून्य. शेवटी त्या कुत्र्यानंच लाडात येऊन चेंडू नाकानं ढकलला, आणि तो घरंगळत थेट ओबरमाटनच्या गोलापुढे गेला. ऑस्ट्रियाच्या बाजूला. एर्मेस सर्वांआधी पोचला. त्यानं पाय मागे घेतला. हार्टविग उशिरा आला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज झाला.

एर्मेस होता तिथेच पडला. रेषा दोन हातांवर होती.

“इकडे, अहो, इकडे सरका,” लुचिल्ला ओरडली.

तो सरकला नाही.

“एवढं सुद्धा कळत नाही याला,” पियानाल्ताचे लोक म्हणाले. “चुकीच्या देशात पडला.”

“खेळा,” एंगेलबर्ट म्हणाले.

हार्टविग एर्मेसजवळ उकिडवा बसला.

“एर्मेस, खरंच लागलंय?”

“खरंच.”

“किती?”

“उद्या गावाला पाव मिळणार नाही.”

हार्टविगनं त्याला फळीसारखा खांद्यावर घेतला, रेषा ओलांडली आणि हलक्या हातानं इटलीत ठेवला. ओर्नेल्लाबाईंची शिट्टी वाजली. पेनल्टी, हार्टविगच्याच संघाविरुद्ध.

“अरे गाढवा, काय केलंस हे?” ओबरमाटनचा कप्तान म्हणाला.

“तिकडे तो कुणाला दिसतच नव्हता,” हार्टविग म्हणाला.

समिती पुन्हा बसली. एर्मेस इटलीच्या गवतावर पडून होता, कारण वेदनेचा रहिवास ठरेपर्यंत स्ट्रेचर कोणत्या देशाचं आणायचं ते ठरेना. अखेर डॉ. फान हेक तंबूबाहेर आले. सदर वेदना स्वतःच्या पायांनी आलेली नसून ती आयात करण्यात आली आहे, असं त्यांनी जाहीर केलं. पेनल्टी रद्द. हार्टविगला लाल कार्ड, जखमेची विनापरवाना वाहतूक केल्याबद्दल. सामना बरोबरीत. कुणीच जिंकलं नाही, तेव्हा दोन्ही नावं पुसावीत आणि नव्या क्लबाला ‘एकीकृत क्रीडा गट, उत्तर-दक्षिण’ म्हणावं.

पुढच्या आठवड्यात पियानाल्ताच्या भिंतीला शिडी लागली. पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे एर्मेस खाली शिडी धरून उभा होता. वर हार्टविग खरवडत होता.

“हळू रे. ते शेवटचं अक्षर बाबांनी दोन हात देऊन रंगवलंय.”

“कळतंय. निघतच नाहीये.”

“मग राहू दे ते.”

“समिती बघायला येईल.”

“मग पूस,” एर्मेस म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

(कथा थांबवली आहे. शेवटची तपासणी. या वेळी तुमची.)

ती पेनल्टी मिळायलाच हवी होती, असं तुम्ही म्हणालात. शिट्टी ओठांशीच होती तुमच्या. जरा मागे जाऊन बघा: कोपर, तोंड, गवतातला दात. तिथे शिट्टी वाजलेली नाही. तिथे तुम्ही हसलात. खेळा, म्हणालात.

त्या दिवशी दुपारी दोघं तीच शिडी घेऊन सरहद्दीपलीकडे गेले, ओबरमाटनची भिंत पुसायला. हार्टविगनं एकेका अक्षरावरून आधी हात फिरवला, मग खरवडलं. ती अक्षरं कुणी रंगवली होती, हे तुम्ही विचारलं नाहीत.