माई शुवाईची शेळी आणि पोतंभर नोटा

महागाई का होते, हे माई शुवाईला, म्हणजे शुवाईच्या आईला, पक्कं ठाऊक होतं. लोकांच्या जिभेला धार नाही म्हणून. दुकानदाराने भाव सांगितला की लोक मुकाट पैसे मोजतात आणि घरी येऊन सरकारला शिव्या घालतात. "माझ्यासमोर भाव वाढवून दाखवा म्हणावं," असं ती चितुंग्विझा शहरातल्या आपल्या गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. येणारा-जाणारा मग वाट बदलायचा.

त्या जुलैतल्या शनिवारी तर तिने सकाळीच ते सिद्ध करून दाखवलं. तिची एकुलती एक शेळी, डाव्या कानाने फाटकी आणि स्वभावाने मालकिणीच्या वळणावर गेलेली, तिने मागच्या गल्लीतल्या माई मुचानेताला विकली. मुचानेता पाच हजार अब्जांवर अडून बसली होती. माईने तिच्या सासर-माहेरचा यथासांग उद्धार करून सहा हजार अब्ज काढले. त्यात तांदूळ, तेलाची बाटली आणि साखरेची पुडी आली. कारण लेकीला, शुवाईला मागणी घालायला आज पाहुणे येणार होते.

"याला म्हणतात व्यवहार," ती नवऱ्याला म्हणाली.

"हो," नवरा म्हणाला. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने एवढाच शब्द जपून ठेवला होता.

दहा वाजता ट्रक आला. नवरा मुलगा फरिराय रीतीप्रमाणे बाहेर ट्रकमध्येच थांबला. त्याच्या वतीने बोलणी करायला मध्यस्थ गारिकाय आत आला, खांद्यावर मुलीसाठी द्यायच्या देजाच्या नोटांचं पोतं घेऊन. मुलीकडचे ओठ मिटून बसले. लाकडी ताटात पैसे पडल्याशिवाय बोलायचं नाही, ही तोंड-उघडणीची रीत. गारिकायने पैसे ठेवले. तोंडं उघडेनात.

"हा कालचा भाव झाला," पडद्यामागून माई म्हणाली. "आमची तोंडं आजची आहेत."

गारिकायने आणखी ठेवले. मग न सांगता बसल्याचा दंड झाला. मग खोकल्याचा. दुपारी तो पुन्हा खोकला, तेव्हा माईने चौपट दंड सांगितला. सकाळपासून सगळंच वाढलंय, खोकला काय आभाळातून पडला? त्यानंतर गारिकाय श्वासही बेताने घेऊ लागला.

चहा आला तसा विषय महागाईवर गेला. "सरकार रात्रंदिवस नोटा छापतंय ना," सकाळीच गावाहून आलेला धाकटा दीर कुंबिराय म्हणाला. "छे, दुकानदार माल दडवतात," त्याच्याबरोबर आलेल्या नणंदेने, एसनाथने, ठणकावलं. आणि माईचा नवरा, कुणी विचारलं नसताना, म्हणाला, "उद्या महागेल म्हणून जो तो आजच झडप घालतो. म्हणून आजच महागतं."

"झालं तुमचं?" माई म्हणाली.

तीन वाजता शेवटची बाब आली: आईचं जनावर. लेकीला दूध पाजलं त्याची फेड म्हणून आईच्या अंगणात मादी जनावर उभं राहावं लागतं. गाय असावी, निदान शेळी. ते नुसत्या नोटांवर भागत नाही.

"माई, तीन दिवस हिंडलो, गाय दिसली नाही," गारिकाय हात जोडून म्हणाला. "उरलेलं पोतं तुमच्यासमोर ठेवतो, तुम्हीच घ्या एखादं जनावर. पण मला ते डोळ्यांनी बघून निघायचंय. पाचला ट्रक सुटणार. फरिराय सीमेपलीकडे कामावर जातोय, तो आता डिसेंबरात येईल."

"डिसेंबरात या पोत्याचं एक अंडंसुद्धा येणार नाही," शुवाई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आई, आपली शेळी सकाळी..."

"मोठ्यांत बोलू नकोस. गेलेल्या शेळीचं काय घेऊन बसलीस? पैशाला पासरी शेळ्या मिळतील."

तिने तिघांच्या हाती नोटांचे गठ्ठे दिले. फेल्ट टोपीवाला कुंबिराय बसथांब्याकडे, हिरव्या शालीतली एसनाथ बाजाराकडे, लंगडत चालणारा नवरा बिअर हॉलकडे. "दिसेल ती शेळी उचला. कुणी आडवा आला तर त्याच्यावर भाव चढवा. आज आपलं नाक खाली होता कामा नये."

पंधरा-वीस मिनिटांनी कुंबिराय धापा टाकत आला. "वहिनी, मोठ्या मुश्किलीने एक शेळी सापडली. वीस हजार अब्जांना ठरवली होती, तर बाई म्हणते, हिरव्या शालीतली कोणीतरी तीस देऊन बसली."

"कोण ही भवानी? चाळीस दे."

तो गेला आणि एसनाथ आली. "वहिनी, एकच शेळी आहे हो साऱ्या वस्तीत. आणि कुणी टोपीवाला चाळीस देतोय. दिसायला म्हणे अगदी चोरासारखा."

"चढव साठ. त्या टोपीवाल्याच्या घरात बायकामाणसं नाहीत का त्याला आवरायला?"

मग नवरा आला. "कोणी साठ..."

"कळलं. ऐंशी."

तासाभरात पोतं गुडघ्याएवढं उरलं. कुंबिराय पुन्हा दारात. "बाई म्हणते, एक लंगडा आणि एक शालवाली दोघं..."

इथे तरी माईच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण साडेचार वाजले होते, शुवाई दाराला धरून रडत होती आणि बाहेर ट्रकचं इंजिन सुरू झालं होतं. माईने अख्खं पोतं कुंबिरायच्या पाठीवर लादलं. "जे आहे ते ओत तिच्यापुढे. या गल्लीत माझ्यावर कुणी चढ करायची नाही."

पाचला दहा मिनिटं असताना फाटकातून शेळी आली. एकाच दोरीला तिघं लोंबकळत होते आणि एकमेकांवर वसावसा ओरडत होते.

"तो टोपीवाला तू होतास?"

"आणि शालवाली तू?"

नवरा फक्त लंगडत होता.

शेळीने कुणाकडे पाहिलं नाही. सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीशी जाऊन तिने पोचा पडलेल्या आपल्या पातेल्यात तोंड घातलं, पाणी नाही म्हणून पातेलं लाथेने उडवलं आणि फाटका डावा कान झटकून माईकडे असं पाहिलं, की दिवसभर होतीस कुठे?

आपलेच दात, आपलेच ओठ. माईला ओरडायलाही कुणी उरलं नाही.

तेवढ्यात कुंपणावरून माई मुचानेताचं डोकं वर आलं. "मी एका पैशाने भाव वाढवला नाही हं, माई. आधी कोण येऊन गेलं, तेवढं फक्त खरं खरं सांगत होते. बाकी तुमची माणसं फार उमदी. घासाघीस कशी ती नाहीच."

गारिकाय शेळीभोवती फिरला. पाय पाहिले, दात पाहिले. "मादी आहे, चार पायांवर उभी आहे. रीत पुरी झाली," तो म्हणाला. बाहेर फरिरायने लांबलचक भोंगा वाजवला. "जनावर ठसठशीत आहे, माई. कुठल्या वाणाची?"

माईने पदराने नाक पुसलं आणि ते होतं तेवढं वर केलं. "घरचीच आहे," ती म्हणाली.

डिसेंबरात शुवाई सुखरूप सासरी गेली. गल्लीत अजूनही महागाई का होते यावर वाद रंगतो. सरकार, दुकानदार, नोटा, सगळ्यांची नावं निघतात, आणि मग कुणीतरी माईकडे वळून विचारतं, "तुम्हाला काय वाटतं?" माई शेळीला पाणी दाखवायला उठते. ताटात कितीही ठेवा, या बाबतीत तिचं तोंड उघडत नाही.