तीन नंबरचा बॉयलर

मंगळवारी सकाळी ऑर्विल सेडलॅकच्या खोलीतला गॅसचा हीटर अर्धा तास चालला आणि गप्प झाला. ऑर्विलनं बटण दाबून पाहिलं, बाजूनं चापट मारून पाहिली, मग मुख्य कचेरीत फोन लावला. कचेरी चारशे मैलांवर होती आणि हीटरची कळ तिच्या हातात होती.

"बिघडलेला नाहीये तो," सुरक्षा विभागाचा साहेब प्रेस्टन म्हणाला. "गॅसचे भाव कुठं गेलेत बघताय ना? आजपासून दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. बाकीच्या वेळी जॅकेट घाला."

"घातलंय."

"मग त्यावर अजून एक घाला."

ओहायो नदीकाठी कार्व्हर नावाच्या गावाबाहेर कोळशावरचं एक वीजकेंद्र बंद पडलेलं होतं आणि ऑर्विल त्याचा पहारेकरी होता. एकुलता एक. त्याआधी चौतीस वर्षं तो तिथंच बॉयलरवर होता. तेव्हा कोळशानं भरलेले तराफे नदीतून रांगेनं यायचे आणि पाळीला तीनशे माणसं असायची. मग गॅस इतका स्वस्त झाला की कोळसा जाळणं कंपनीला परवडेना आणि फाटकाला कुलूप लागलं. पुढं तोच गॅस जहाजात बसून परदेशी जायला लागला आणि इथं महाग झाला. म्हणजे स्वस्त होऊन त्यानं ऑर्विलची नोकरी खाल्ली आणि महाग होऊन ऊब खाल्ली. वर टेक्ससच्या बंदरात ती जहाजं भरणाऱ्यांत त्याचीच मुलगी होती, कोरीन.

दर रविवारी तिचा फोन यायचा. "बाबा, इकडे या ना राहायला. इथं थंडी कशाशी खातात तेसुद्धा माहीत नाही कुणाला."

"बघू," ऑर्विल म्हणायचा. बायको लोरेटा गेल्यापासून त्याचं आठवड्याचं बोलणं साधारण एवढंच. बाकीचे सहा दिवस तो केंद्राच्या उंच चिमणीवर घरटं केलेल्या ससाण्याशी बोलायचा, पण तो पक्षी ऐकून घेणाऱ्यातला नव्हता.

दोन जॅकेटं घालूनही बोटं वाकेनात, तेव्हा ऑर्विल उठला. कार्यशाळेच्या कोपऱ्यात बिडाची जुनी शेगडी होती. आवारात उरलासुरला कोळसा बर्फाखाली पडलेला होता. त्यानं शेगडी ढकलत ढकलत आणली, तिचा पाइप खिडकीतून बाहेर काढला आणि कोळसा पेटवला. ओला कोळसा, पिवळट काळा धूर भसाभसा बाहेर पडला. पण पाव तासात खोली अशी उबदार झाली की त्यानं वरचं जॅकेट काढून खुंटीला लावलं.

तेवढ्यात फोन वाजला. मंगळवारी त्याला कुणाचा फोन येत नसे.

"ऑर्विल!" नदीपलीकडं खानावळ चालवणारी वँडा ओरडत होती. "अरे, चिमणीतून धूर निघतोय! सुरू झालं की काय तुमचं?"

तिच्या खिडकीतून पाहिलं तर धूर चिमणीतूनच निघाल्यासारखा दिसत असणार. तसं सांगायला हवं होतं. पण अंगात ऊब आली होती आणि किती दिवसांनी कुणीतरी त्याला काहीतरी विचारत होतं.

"हो तर," तो म्हणाला. "तीन नंबरचा बॉयलर पेटवलाय. माणसं कमी पडतायत."

आणि ती हसेल म्हणून थांबला. अडचण एवढीच होती की ऑर्विलनं जन्मात कधी विनोद केला नव्हता, त्यामुळे त्याचा विनोद ओळखण्याची सवय कुणालाच नव्हती. "अगं बाई!" म्हणून वँडानं फोन ठेवला. त्यानं लगेच उलटा लावला, तर लागेना. पाऊण तास तिचा फोन चालूच होता. त्यातून त्याच दिवशी सकाळी रेडिओवर सांगितलं होतं, की गॅस महागल्यामुळं कोळशाची काही केंद्रं इतक्यात बंद करणार नाहीत. मग काय, शंका घ्यायला जागाच नव्हती.

सगळ्यांत आधी बॉईड ट्राउटमनची गाडी फाटकाशी आली. हा जुना युनियनचा पुढारी. चौतीस वर्षांत त्याचं आणि ऑर्विलचं कॅन्टीनच्या सूपावरसुद्धा एकमत झालं नव्हतं. डोक्याला हेल्मेट, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात मागण्यांची यादी.

"सेडलॅक, कामावर यायला आम्ही तयार आहोत. पण आधी अटी ऐकून घे."

"बॉईड, बॉयलर-बियलर काही पेटवलेला नाही. शेगडी आहे ती."

"तोंड उघडू नको म्हणून वरून सांगितलंय ना? कळतं मला."

"अरे, ही बघ शेगडी! डोळ्यांनी बघ!"

ट्राउटमननं शेगडीकडं पाहिलं, मग ऑर्विलच्या डोक्याकडं. "नुसत्या शेगडीपुढं कोण हेल्मेट घालून बसतं रे?"

"नियम आहे तसा."

"नियम कुठं असतो? काम चालू असतं तिथं. मला शिकवतोस?"

बारा वाजेपर्यंत तीस माणसं जमली. एकजण सुपरमार्केटमध्ये पिशव्या भरायचं काम करायचा, तो तिथला एप्रन घालूनच आला. काठी टेकत चालणारा मॅक्लस्की आला. वँडा कोबीच्या सूपाचं पातेलं आणि बटाट्याचं सारण भरलेले पिरोगी घेऊन आली. ऑर्विलनं खोक्यावर उभं राहून खरं काय ते सांगितलं. लोकांनी एकमेकांना डोळे मिचकावले. मग कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी लोरेटाची आठवण काढली, कुणी विचारलं, "अंगानं खराब झालास रे, जेवतोस ना नीट?" ऑर्विलनं खरं पुन्हा सांगितलं, पुन्हा सांगितलं. चौथ्यांदा मात्र जरा हळूच सांगितलं.

"चला, गप्पा पुरे," ट्राउटमन म्हणाला. "आपापल्या जागा धरा."

"आत नका जाऊ," ऑर्विल म्हणाला.

"का?"

ऑर्विल किल्ल्या घेऊन पुढं झाला आणि त्यानं मोठ्या दालनाचं दार सरकवलं.

आत काही नव्हतं. यंत्रं भंगारात गेली होती. जमिनीतून बोल्टांच्या रांगा तेवढ्या वर आलेल्या होत्या आणि छपराच्या भोकातून बर्फाचा भुगा खाली येत होता. तिथं पूर्वी इतका आवाज असायचा, की बोलायचं तर समोरच्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे. आता तीस माणसांतलं एक खोकलं आणि सगळी कबुतरं उडाली. मॅक्लस्की काठी टेकत टेकत आपली जागा होती तिथपर्यंत गेला आणि रिकाम्या भिंतीकडं तोंड करून थोडा वेळ उभा राहिला. ट्राउटमननं यादीची चार घड्यांत घडी केली आणि खिशात घातली.

"कधी नेलं?"

"दोन वर्षं झाली."

"बोलला नाहीस ते."

"विचारलं नाही कुणी."

परत येताना वँडा ऑर्विलच्या बाजूनं चालत होती. "म्हणजे तू फोनवर विनोद केलास?"

"हो."

"मेल्या, मग आधी सांगायचं नाही का, की आता विनोद करतोय म्हणून?"

सगळ्यांनी शेगडीभोवती बसून, उभं राहून सूप प्यायलं. घरी जायची कुणालाच घाई दिसेना. बहुतेकांच्या घरचे हीटरही मंद करून ठेवलेले होते, हे बोलता बोलता निघालं. तीन वाजता मॅक्लस्की उठला, त्याच्यामागून बाकीचे एकेक करत गेले, आणि ऑर्विलनं फाटक लावून घेतलं.

चार वाजता प्रेस्टनचा फोन आला. त्यानं कॅमेऱ्यात सगळं पाहिलं होतं.

"तीस माणसं आत घेतलीत! कशाला आली होती?"

"कामावर."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. "पहिलं म्हणजे ती शेगडी विझवा. आणि दुसरं, बंद केंद्रात दहाच्या वर लोक शिरले तर तिथं एकटा पहारेकरी ठेवता येत नाही. नियमच आहे. आठवड्याच्या आत दुसरा माणूस नेमावा लागेल."

ऑर्विलनं शेगडीवर बादली ओतली.

त्या एका जागेसाठी एकोणतीस अर्ज आले. कंपनीनं जुनी सेवाज्येष्ठता पाहिली आणि ट्राउटमनला घेतलं. कार्व्हर गावात कोळशानं परत आणलेली नोकरी ती एवढीच. "त्याच्याबरोबर दिवस काढायचा म्हणजे शिक्षा आहे," असं ऑर्विलनं कोरीनला रविवारी फोनवर सांगितलं. सांगताना तो अर्धं टेबल रिकामं करत होता. भिंतीत आणखी एक खुंटी त्यानं शनिवारीच ठोकली होती.

सोमवारी कंपनीचं पत्र आलं. सेडलॅक, सकाळी सहा ते दोन. ट्राउटमन, दोन ते रात्री दहा. किल्ल्या देण्याघेण्यासाठी पाच मिनिटं.

पहिल्या दिवशी ती पाच मिनिटं किल्ल्या कुठं टांगायच्या या भांडणात गेली आणि भांडण अर्धंच राहिलं. मंगळवारी ट्राउटमन दीड वाजता आला.

"लवकर आलास?"

"रस्त्याला गर्दी नव्हती."

केंद्र बंद पडल्यापासून कार्व्हरच्या रस्त्याला कधीच गर्दी नव्हती. ऑर्विलनं दुसरी खुर्ची पुढं ओढली. बुधवारी ट्राउटमन साडेबाराला आला. गुरुवारी पावणेबाराला, आणि येताना वँडाकडचं सूप घेऊन आला, का, तर ते कॅन्टीनच्या सूपापेक्षा वाईट आहे हे सेडलॅकला एकदा पटवून द्यायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून गेले, तरी दोघं दोन-दोन जॅकेटं घालून समोरासमोर बसलेले होते.

"तुझी पाळी दोनला संपली ना रे?" ट्राउटमननं विचारलं. "गेला नाहीस अजून?"

ऑर्विलनं खिडकीबाहेर पाहिलं. नदीपर्यंत रस्ता मोकळा पडलेला होता.

"रस्त्याला गर्दी आहे म्हणतात," तो म्हणाला.