जे खोलायचं ते माझ्यापुढं

पंक्चरच्या दुकानात गाडी घालण्याआधी वत्सलाबाई दुकानाच्या दोन्ही बाजूंचा रस्ता लोहचुंबकाने झाडून घेत. जुन्या रेडिओतून काढलेलं जाड चुंबक, त्याला सुतळी, आणि ते कायम पर्समध्ये. भर दुपारी लातूरच्या रस्त्यावर पांढऱ्या साडीतली बाई कुत्रं फिरवावं तसं चुंबक ओढत चालली आहे, हे पाहून लोक आमच्या आरोग्य खात्याविषयी काय बोलत असतील ते असो. एकदा मूठभर खिळे निघाले. बाईंनी ते दुकानदाराच्या पुढ्यात ओतले.

"तुमचेच सांडलेत. जपून ठेवत जावा, महागाई हाय."

त्या आमच्या सुपरवायझर, मी हाताखालची नर्स. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कार्यालयं भाड्याच्या खोल्यांत, खुर्च्या कमी, साहेब जास्त, आणि पाऊस दुसऱ्या वर्षीही गायब. बाई नांदेडहून बदलून आलेल्या, मूळच्या देगलूरच्या. सोबत एक लुना. गावोगाव लसीकरण बघायला त्या तिच्यावरच जात. घरात दुसरं कोणी नव्हतं.

गॅरेजवाले त्यांना टरकून असत. बाईमाणूस बघून एकजण म्हणाला, गाडी ठेवून जा, संध्याकाळी साहेबांना पाठवा. "साहेब मीच हाय," म्हणून बाईंनी स्टूल ओढलं. "जे खोलायचं ते माझ्यापुढं खोल."

गॅरेज कसं पारखायचं, हा त्यांचा विषय लसीच्या बैठकीतही निघायचाच. मालकाच्या स्वतःच्या गाडीचे टायर आधी बघा. बदललेला जुना पार्ट मागा. द्यायला का-कू केली की उठा. गाडीकडे न बघताच 'इंजिनचं काम निघतंय' म्हणणारा डॉक्टर असता, तर नाडी न बघता त्यानं पोट फाडलं असतं. त्या दुष्काळात यात एक भर पडली. पाणी नाही म्हणून कितीतरी पंक्चरवाले थुंकी लावून पंक्चर शोधायला लागले होते. बाई तिथून तडक परत फिरत.

अशा सगळ्या परीक्षांतून उरला एकटा यासीनभाई. लिंबाखाली पत्र्याची टपरी. बाईंच्या देखत त्याने प्यायच्या हंड्यातलं पाणी घमेल्यात ओतलं, पंक्चर काढलं आणि तेच पाणी लिंबाच्या मुळाशी घातलं. पुढच्या खेपेला म्हणाला, गाडीला कायबी झालं न्हाई, जावा. बाईंनी त्याला तिथेच पास केलं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गेल्या. मग दर शनिवारी.

एकदा मी सोबत होते. यासीनभाईने प्लग काढला, पुसला, उन्हात धरून बघितला आणि परत लावला. मधे चहा झाला. बाई हात धुवायला गेल्या तेव्हा मी विचारलं, या लुनाला झालंय तरी काय?

"एकदम बढिया हाय, सिस्टर. पण तसं म्हणलं की लगेच उठून जातात. घरी कोन हाय त्यांच्या?"

म्हणजे लातुरातला सर्वांत खरा मेकॅनिक दर शनिवारी खोटं बोलत होता. आणि बाईंना ते कळत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

मग नव्या कार्यालयाचा रस्ता रुंद करायचा ठरला आणि टपरी नेमकी आखणीत आली. बांधकाम खात्याची माणसं येऊन, येत्या शनिवारी ती तोडणार, असं सांगून गेली. बाई सकाळीच मला घेऊन पोचल्या. "सगळं खोल," त्यांनी फर्मावलं. माणसं आली तेव्हा चाकं, साखळी, इंजिन, सगळी लुना टपरीपुढे पोत्यांवर पसरलेली होती आणि मधोमध स्टुलावर बाई.

त्यांच्यासोबतच्या साहेबांनी सामान उचलायला सांगितलं. बाई म्हणाल्या, सरकारी कामाची गाडी आहे, एक नट हरवला तर लिहून द्या. गावात दुसरी गॅरेजं आहेत, साहेब म्हणाले. त्यावर बाईंनी त्या एकेका गॅरेजचं जे वर्णन केलं, ते ऐकून तोडायला आलेली माणसंच हसायला लागली. साहेब मात्र चिडले.

"बाई, तुम्ही याच्या कोण लागता?"

हातातला पाना बाई नुसताच फिरवत राहिल्या.

"कुनाचं कुनी लागलंच पायजे का?" शेवटी म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता.

यासीनभाई खाली बसून साखळी पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "घरच्या हायत, साहेब."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाले, संध्याकाळपर्यंत टपरी उचलून लिंबामागे न्या, तोडत नाही. तोडायला आलेल्या माणसांनीच हात लावला आणि ती अख्खी मागे सरकली.

लुना जोडायला मात्र पुढचे बरेच शनिवार लागले. बाई तोवर एसटीने गावं फिरल्या आणि एकदाही कुरकुरल्या नाहीत. एवढ्याशा गाडीला इतके दिवस लागत नाहीत, हे मलाही कळतं.