दामूनानांचा बावटा

आखातात बॉम्ब पडला, की सातपाटीत दामूनाना लाल बावटा चढवतात. दारात उंच बांबू, बांबूला दोरी, हातात बातम्यांचा मोबाइल. शांततेची बोलणी सुरू झाली, की पांढरा. सध्या पांढऱ्याची घडी मोडलेली नाही.

नाना जुने तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. बोट सुटली, पण हुकूम सोडायची सवय सुटली नाही. जगाचं राजकारण ते एका वाक्यात उरकतात, "समदं खुंटाचं भांडन हाय, मास्तर." आमच्याकडे जाळं बांधायला समुद्रात खुंट ठोकतात. शेजारच्या गावाने आमच्या जागेत ठोकला, की जुंपलीच. नानांच्या मते आखातातले शेजारीही त्यावरूनच भांडतात. फक्त एकाच्या पाठीशी अमेरिका, दुसऱ्याच्या पाठीशी रशिया. "खुंट यांचा, हातोडा त्यांचा. मधी बोट कोनाची फुटंल?"

बोट कोणाची, हे गावाला ठाऊक आहे. नानांचा मुलगा हरेश तेलाच्या जहाजावर आहे, आणि ते जहाज आखातात अडकलंय. चार दिवस फोन नाही. नाना हरेशचं नाव काढत नाहीत. रशियाचं काढतात.

परवा तर कहर झाला. अमेरिका स्वतःच लढाईत उतरली, म्हणून नानांनी सकाळी दोन लाल बावटे चढवले. एक लाल म्हणजे आखात, हे गावाला पाठ होतं. दोन लाल म्हणजे काय, कोणाला माहीत? खाडीतून निघालेल्या बोटींनी वादळाचा इशारा समजून तोंड फिरवलं. झालं! मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन बायका नानांच्या दारात. सुमनमावशीने तर नानांच्या आज्यापासून सुरुवात केली. शेवटी म्हणाली, "आभाल साफ हाय. वारा कुटं हाय तुमचा, नाना?"

"तिकडं हाय," नाना म्हणाले. मान वर न करता.



नानांनी दोन्ही लाल उतरवले आणि आतून एक विटका निळा-पिवळा बावटा आणला. हरेश नानांच्या बोटीवर जायचा, तेव्हाचा. प्रत्येक बोटीचा बावटा वेगळा. त्यावरून किनाऱ्यावरची माणसं आपली बोट लांबून ओळखतात.

मी बोलून गेलो, "नाना, आखातातून दिसेल का हा?" आणि जीभ चावली.

"त्याला नाय दिसायचा," ते म्हणाले. "मला दिसंल."

आयुष्यभर गाठी मारलेल्या त्या हातांना गाठ काही जमेना. सुमनमावशीने टोपली खाली ठेवली आणि दोरी आपल्या हातात घेतली.