विनापरवानगी गैरहजर गिधाडे

या बापा, जवळ सरकून बसा. कथा सांगतो माघ महिन्यातली, बुलढाण्याच्या डोंगरातली. देवाच्या कृपेने ती अजून कुठल्याही कार्यालयातून त्रुटी काढून परत आलेली नाही.

परतीच्या वाटेवरचे ससाणे आणि गिधाडे यांची शिरगणती यंदा तीन ठिकाणी झाली. धाड गावाला, मोताळ्याकडच्या कड्यावर आणि हिवरा आश्रमाजवळ. कड्यावर वनमजूर रंगराव दुर्बीण घेऊन बसला. कीर्तनात टाळ धरणारा माणूस; ज्याचा ठेका चुकत नाही, त्याची मोजणी काय चुकणार! ससाणे एकेचाळीस, गिधाड एक, असे त्याने लिहिले.

धाडलाही गिधाड एकच दिसले, हिवऱ्यालाही एकच. कार्यालयाने बेरीज केली, तीन. मागच्या वर्षी एक होते. साहेबांनी पेढे मागवले.

रंगराव धावतच गेला. "साहेब, ते एकच हाये जी! सकाळी धाडले, दुपारी माह्याकडे, मंग हिवऱ्याले. उजव्या पंखात पीस कमी हाये त्याच्या, तिन्ही ठिकानच्या मजुराहिनं पाह्यलं."

"तक्त्यात पिसांचा रकाना आहे?"

"नाही जी."

"मग पेढा घ्या."

तीन गिधाडे म्हणजे प्रजाती सुरक्षित. प्रजाती सुरक्षित म्हणजे कड्यावरची खाणबंदी अनावश्यक. बंदी उठवण्याचा प्रस्ताव त्याच दिवशी निघाला. गिधाडाचा हिवाळाभराचा मुक्काम मात्र त्याच कड्यावर.

रंगरावने फेरमोजणी मागितली. मिळाली. पुन्हा एकच. मग नोटीस आली: 'आपल्या अखत्यारीतील दोन गिधाडे विनापरवानगी गैरहजर असून, ती सात दिवसांत समक्ष हजर करावीत.'

बायको मनकर्णाबाई म्हणाली, "तीन लिहून द्या ना! काऊन जीव जाळून राह्यले? त्याहिले तीन पाह्यजे, तं तीन."

"जपाच्या माळेत दोन मणी जास्तीचे ओवले, तं देव खूश होईन का वं?"

त्याने एकच लिहिले. त्याला रोपवाटिकेत धाडण्यात आले. तिथे वाळलेली रोपेही जिवंत मोजण्याची पद्धत आहे. फाल्गुनात कड्यावर पहिला सुरुंग उडाला. त्यानंतर गिधाड कुणालाच दिसले नाही. तक्त्यात तीन आहेत.

साहेबांच्या सत्कारात आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. 'गिधाडे तिप्पट!' ही बातमी मला मोबाईलवर तुम्हीच पाठवलीत, माउली, जोडलेल्या हातांसह. मीही ती न वाचता चौघांना पाठवली. आता एवढेच करा. संध्याकाळी देवापुढे बसाल, तेव्हा रंगरावची आठवण काढा. नुसती काढा; पुढे पाठवू नका.